पहिली एमटीबी रिले: बारावा लॅप आणि पंधरा सेकंद

पार्श्वभूमी

पुण्यातल्या चौघांनी डिसेंबरातल्या एका सहा तासांच्या माउंटन बाइक (एमटीबी) रिलेसाठी मिश्र गटात नाव नोंदवलं, तेव्हा हातात आठ आठवडे होते. चौघंही सायकलवर मुरलेले, पण रिले कुणीच केलेली नव्हती. आपापसात ते एकमेकांना ज्या नावांनी हाक मारतात तीच इथे वापरली आहेत. कॅप्टन, वय ३४, पाच वर्षं टेकड्यांवर एमटीबी चालवणारा. ताई, वय २९, मूळची अर्धमॅरेथॉनवाली. दम भरपूर, दगडांची सवय कमी. काका, वय ४६, दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, केलेले; दिवसभर चालवतील, पण उतार आला की दोन्ही ब्रेक दाबून धरतील. आणि पोरगा, वय २२, कॉलेजात शिकणारा, उतारावर चौघांत सर्वात चपळ. सायकल मात्र सर्वात साधी त्याचीच: नऊ गिअरची, ट्यूब घातलेली.

रिले म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. १९९९ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत असलेल्या सांघिक रिलेत प्रत्येक जण एक लॅप मारतो, जो संघ आधी येईल तो जिंकतो. दुसरा प्रकार वेळेचा. १९९२ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात चोवीस तासांची रिले सुरू झाली, त्या घराण्यातला. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त लॅप. आपली चौकडी या दुसऱ्या प्रकारात उतरली होती, आणि त्यांची अर्धी चूक इथेच झाली: तयारी केली ती पहिल्या प्रकारासारखी.

ट्रॅक मावळातल्या एका माळावर होता. लॅप ७.२ किलोमीटरचा, चढ साधारण १६० मीटर. सुरुवातीला सहाशे मीटर सपाट शेत, मग जीपचा रस्ता, मग कारवीतून जाणारा अडीचेक किलोमीटरचा सिंगलट्रॅक (एका वेळी एकच सायकल जाईल अशी अरुंद वाट), मध्ये कातळाची एक पायरी, कोरडा ओढा, सुट्या मुरमाचा चढ आणि परतीचा उतार. मुख्य नियम चार. प्रत्येकाचे किमान दोन लॅप. सलग दोनपेक्षा जास्त लॅप कुणीही मारायचे नाहीत. हॅण्डओव्हर, म्हणजे वेळ मोजणारी चिप पुढच्या गड्याच्या हातात देणं, सहा तासांच्या आत झाला तरच पुढचा लॅप धरला जाईल, आणि तो लॅप सुरुवातीपासून ६ तास ४५ मिनिटांच्या आत संपायला हवा. क्रमवारी आधी लॅपवर, लॅप सारखे असतील तर वेळेवर.

अडचण

ऑक्टोबरच्या शेवटी ट्रॅकवर जाऊन चौघांनी वेळा घेतल्या: कॅप्टन २८ मिनिटं, पोरगा २९, ताई ३१, काका ३४. चौघांच्या एका फेरीचे १२२, तीन फेऱ्यांचे ३६६. सहा तास म्हणजे ३६० मिनिटं. सहाच मिनिटांनी बारा लॅप बसत नाहीत, म्हणजे थोडा जोर लावला की बारावा सहा तासांच्या आत संपेल आणि तेरावा मिळेल, असा हिशोब व्हॉट्सअॅपवर मांडला गेला आणि तिथून पुढे तेरावा लॅप हेच ध्येय झालं.

या हिशोबात हॅण्डओव्हरचा वेळ नव्हता. वेळा ताज्या पायांच्या होत्या. आणि सर्वात मोठी गोष्ट: या वेळा प्रत्येकाने व्यवस्थित वॉर्म-अप करून घेतलेल्या होत्या. रिलेत अर्धा तास जीव तोडून चालवायचं, मग दीड तास बसायचं, आणि गार पडलेल्या पायांनी पुन्हा पहिल्या मिनिटापासून जोर लावायचा. हा प्रकार ना ब्रेव्हेत येतो, ना मॅरेथॉनमध्ये, ना रविवारच्या राइडमध्ये.

दुसरी अडचण सायकलींची. चार सायकली, चार वेगळे संसार: बारा, अकरा, दहा आणि नऊ गिअर. दोघांकडे मिनरल ऑइलवर चालणारे ब्रेक, दोघांकडे डॉट या दुसऱ्या ब्रेक-द्रवावर चालणारे. एकाचे सुटे भाग दुसऱ्याला चालतील अशी फक्त पंप आणि ॲलन की.

समोर असलेले पर्याय

लॅप कसे वाटायचे यावर तीन मतं होती.

काकांचं मत सलग दोन-दोन लॅप मारायचे. हॅण्डओव्हर निम्मे होतात, विश्रांती तीन तासांची मिळते. पण दुसरा लॅप प्रत्येकाचा दोन-तीन मिनिटांनी मंद होणार हे सरावात दिसलं होतं, आणि तीन तास बसलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं दीड तासांपेक्षा अवघड. अकरा हॅण्डओव्हरपैकी पाच-सहा वाचवून, प्रत्येकी वीस सेकंद धरले तरी दोन मिनिटंच हाती लागतात. हा पर्याय बाद झाला, आणि बरोबरच झाला.

पोरग्याचं मत वेगवान दोघांनी चार-चार लॅप मारायचे, बाकीच्यांनी दोन-दोन. कागदावर आकर्षक. ११२ + ११६ + ६२ + ६८ = ३५८ मिनिटं. इथेच कुणी अकरा हॅण्डओव्हरचे चार मिनिटं मिळवले असते तर तेरावा लॅप हे मृगजळ आहे हे त्याच संध्याकाळी कळलं असतं. कुणी मिळवले नाहीत. पर्याय नाकारला गेला तो वेगळ्या कारणाने: ताई म्हणाली, "मी दोन लॅपसाठी आठ आठवडे पहाटे उठणार नाही." पहिल्या रेससाठी हे कारण पुरेसं आहे.

शेवटी एकेक लॅपची सरळ फेरी ठरली: कॅप्टन, ताई, काका, पोरगा. सुरुवात सामूहिक असल्याने सिंगलट्रॅकच्या तोंडाशी कोंडी होणार. तिथे आधी पोचणारा हवा, म्हणून कॅप्टन पहिला. काका तिसरे, कारण तासाभरात गर्दी विखुरते आणि उतारावर मागून कुणी "लेफ्ट, लेफ्ट" ओरडत नाही.

पोरग्याच्या चाकांचा निर्णय मात्र टाळला गेला. रिमवर टेप मारून ट्यूब काढून टाकणं, म्हणजे ट्यूबलेस करणं, किंवा व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हचा आतला गाभा) निघणाऱ्या ट्यूबमध्ये ५०-६० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, भरणं, असे दोन मार्ग होते. दुसरा अगदी स्वस्त. पण ऑक्टोबरच्या राइडमध्ये एकही पंक्चर झालं नव्हतं, म्हणून "बघू" झालं. ऑक्टोबरात सराट्याचे काटे हिरवे असतात. पाऊस जाऊन महिना-दीड महिना झाला की तेच सुकून टणक होतात, आणि माळावर पायवाटेच्या कडेलाच सर्वात जास्त पडलेले असतात. पंक्चर झालं नाही याचं कारण टायर नव्हतं, महिना होता.

केलेली तयारी

पहिले तीन आठवडे बोपदेव घाटात आठ-आठ मिनिटांचे चार जोरदार चढ, मध्ये चार मिनिटं हलकं. आठवड्यातून दोनदा. चढाचा दम वाढला, पण रिलेचा सराव त्यात नव्हता. चौथ्या आठवड्यात कॅप्टनने योग्य प्रयोग केला: ३० मिनिटं रेसच्या जोराने, ९० मिनिटं खुर्चीत, पुन्हा ३० मिनिटं. दुसऱ्या वेळी त्याचा लॅप २ मिनिटं ४० सेकंदांनी मंद आला. तो घामाने ओल्याच जर्सीत बसला होता आणि उठून थेट सायकलवर चढला होता. पुढच्या आठवड्यात हाच प्रयोग बदलून केला. लॅप संपताच दहा मिनिटं हलक्या गिअरवर पाय फिरवणं, कोरडे कपडे, अंगावर जॅकेट. आणि पुढच्या लॅपआधी पंधरा मिनिटं वॉर्म-अप, त्यात तीस सेकंदांचे दोन जोरदार झटके. फरक ४५ सेकंदांवर आला. आठ आठवड्यांत हा सराव दोनदाच झाला. सहा वेळा व्हायला हवा होता.

काकांसाठी वेताळ टेकडीवरचा दोनशे मीटरचा एकच उतार निवडला. पहाटे फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत, एका वेळी सहा फेऱ्या. सीट तीन सेंटिमीटर खाली, टाचा खाली, नजर पुढच्या चाकावर नको, दोन सायकलींच्या लांबीइतकी पुढे हवी, आणि ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. ट्रॅकवरची त्यांची ३४ मिनिटं याच सरावाने आली. आधी ती ३६ च्या वर होती.

टायर. ट्यूबलेसवाल्या तिघांनी रेसच्या आठवड्यात व्हॉल्व्ह कोअर काढून आत काडी घालून पाहिली. काकांच्या मागच्या चाकात सीलंटचा थेंब नव्हता, नुसती रबराची वाळलेली साय. आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत हे होतंच. २९ इंची, २.२५ रुंदीच्या टायरला १०० मिली प्रत्येकी भरलं. हवेसाठी सर्वांनी एकच डिजिटल गेज वापरलं, कारण दोन पंपांच्या काट्यांत तीन पीएसआयचा (हवेच्या दाबाचं एकक) फरक निघाला. ७२ किलोच्या कॅप्टनला पुढे २१, मागे २४ बसलं. पोरग्याला ट्यूबमुळे ३० आणि ३२ ठेवावे लागले. त्याखाली गेलं की कातळाच्या पायरीवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

सुटे भाग. प्रत्येक सायकलच्या गिअरसंख्येची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी), एकेक जोडी. ब्रेक पॅड चारही प्रकारचे. घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड संपला. ट्यूबलेसचे प्लग, टायर झटपट फुगवणारी १६ ग्रॅमची सीओटू नळकांडी सहा. आणि प्रत्येक सायकलचा आपापला डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा. हा तुकडा दिसायला क्षुल्लक, पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा आणि ऐन वेळी दुकानात मिळत नाही. तो कामी आलाच: आदल्या संध्याकाळी गाडीत सायकली एकावर एक आडव्या ठेवल्या, ताईची सायकल डिरेलरच्या बाजूवर पडली, हँगर आत वाकला, मागच्या सर्वात मोठ्या चक्रावर चेन स्पोकमध्ये जायला लागली. ॲलन कीने बोल्ट काढून नवा हँगर दहा मिनिटांत बसला. हँगर नसता तर तिघांचीच टीम उरली असती. सायकल आडवी ठेवायची तर डिरेलर नेहमी वर.

हॅण्डओव्हरचा सराव झाला तो आदल्या दिवशी, अर्धा तास. चिप मनगटाच्या वेल्क्रो पट्ट्यावर होती. पहिल्या प्रयत्नात ग्लोव्ह घातलेल्या बोटांनी वेल्क्रोचं टोक सापडेना. काकांनी दातांनी ओढायचा प्रयत्न केला. वीस-पंचवीस सेकंद तिथेच गेले. मग पद्धत ठरली. पट्टा डाव्या मनगटावर, ग्लोव्हच्या वर, टोक एक सेंटिमीटर दुमडून ठेवलेलं. जीपच्या रस्त्याला परत लागलं की शेवटच्या सपाट भागात उजव्या हाताने पट्टा ओढून मुठीत धरायचा आणि थांबताच पुढच्याच्या हातात द्यायचा. पुढच्याने तो निघाल्यावर सपाट शेतात बांधायचा.

शर्यतीचा दिवस

सकाळी सातला सुरुवात. गवतावर दव, हवेत गारठा. अकरानंतर ऊन चटका देणारं.

कॅप्टन २८:४०, ताई ३१:१०, काका ३४:२०. ठरल्याबरहुकूम. चौथा लॅप पोरग्याचा, आणि ओढ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. त्याने ट्यूब बदलली, हवा भरली, निघाला आणि तीनशे मीटरवर पुन्हा बसलं. टायरच्या आत सराट्याचं दुसरं टोक तसंच होतं. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवायचं (बोट नको, बोट फाटतं), काटा काढायचा, मगच नवी ट्यूब. हे त्याला माहीत होतं, घाईत राहिलं. दुसरी ट्यूब नव्हती, पॅच लावावा लागला. लॅप ४१:३० चा झाला.

इकडे पिटमध्ये, म्हणजे संघाच्या थांब्यावर, दुसरं नाटक. पोरगा येईना म्हणून कॅप्टन पंप घेऊन त्याला शोधायला ट्रॅकच्या कडेने निघाला. पोरगा आला तेव्हा पुढचा गडी हॅण्डओव्हरच्या जागेवर नव्हताच. ३ मिनिटं २० सेकंद. पंक्चरचा दोष काट्याला देता येतो, या वेळेचा नाही. ट्रॅकवर बाहेरून मदत घ्यायला नियमाने बंदी होती, त्यामुळे कॅप्टन पोरग्यापर्यंत पोचला असता तरी उपयोग शून्य होता.

पाचवा लॅप शर्यतीच्या घड्याळात २:२०:०५ ला सुरू झाला. दुसरी फेरी नीट गेली: २८:२०, ३०:२०, ३३:४०, ३०:१०. हॅण्डओव्हर सगळे वीस सेकंदांच्या आत. पोरग्याचा लॅप थोडा जड गेला. पंक्चरच्या धास्तीने त्याने हवा ३६ पर्यंत नेली होती, आणि मधल्या वेळात आयोजकांची मिसळ खाल्ली होती. एका लॅपनंतरच्या वीस मिनिटांत केळं, खजूर, चिक्की आणि मीठ घातलेलं लिंबू सरबत एवढंच जावं. तर्री रेस संपल्यावर.

पाचव्या तासाचा निर्णय

नववा लॅप सुरू झाला तेव्हा घड्याळात ४:२३:४० होते. तेरावा लॅप केव्हाच गेला होता. आता प्रश्न बाराव्याचा होता: अकरावा लॅप सहा तासांच्या आत संपायला हवा. उरले होते ९६ मिनिटं २० सेकंद. ठरलेल्या क्रमाने कॅप्टन २९, ताई ३१, काका ३४, हॅण्डओव्हर मिळून एक मिनिट: ९५. जेमतेम सव्वा मिनिट शिल्लक.

काका म्हणाले, "मला बसवा. माझे दोन झालेत, नियम पूर्ण आहे." उदार प्रस्ताव होता आणि चौघांपैकी दोघांना पटलाही. ताईने कागद ओढून घेतला. तिचं म्हणणं असं: चौघांनी तीन-तीन लॅप मारले तर कुठल्याही क्रमाने मारा, बाराव्याचा शेवट त्याच वेळी होणार. क्रमाने बदलतं ते एवढंच, की सहा तासांची रेषा कुणाच्या लॅपनंतर पडते. मंद लॅप रेषेच्या पलीकडे ढकला. तिथे पाऊण तासाची मुभा आहे, काकांना ३४ पुरतात. म्हणजे अकरावा पोरगा, बारावा काका. काका बसले नाहीत, आणि सव्वा मिनिटाऐवजी पाच-सहा मिनिटं हातात आली. पोरग्याला विश्रांती एक तासाचीच मिळणार होती, पण वय २२.

कॅप्टनला मुरमाच्या चढावर पेटके आले, ३०:०५ लागले. ताई ३०:५०, पोरगा २९:४०. काका ५:५५:०५ ला निघाले.

निकाल

काकांचा लॅप ३४:५० चा. संघाचे बारा लॅप, ६:२९:५५. गटात मधल्या फळीत.

जुना क्रम ठेवला असता, तर पोरग्याच्या २९:४० च्या जागी काकांचे ३४:५० आले असते आणि बाराव्याचा हॅण्डओव्हर ६:००:१५ ला पडला असता. पंधरा सेकंदांनी बारावा लॅप गेला असता.

काय वेगळं करता आलं असतं

ध्येय तेराऐवजी बारा ठेवायला हवं होतं. पंक्चरचे साधारण साडेबारा मिनिटं आणि कॅप्टनच्या गैरहजेरीचे तीन वजा केले, तरी बारावा लॅप ६:१४ च्या सुमाराला संपतो. तेरावा कुठल्याच वाटेने मिळत नव्हता. बारा हे ध्येय असतं तर मंद लॅप शेवटी ठेवण्याचा विचार घरीच, चहा पिताना झाला असता. पाचव्या तासात, पेटके यायच्या बेतात असताना नाही.

पाचवा माणूस हवा होता. न चालवणारा. हातात घड्याळ, कागद आणि एकच अधिकार: हॅण्डओव्हरच्या जागेवरून कुणालाही हलू न देण्याचा. पुढचा गडी ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी तिथे उभा, आणि मागचा कितीही उशिरा येवो, तिथेच उभा. वॉर्म-अप केलेले पाय गार पडू नयेत म्हणून सायकल जागच्या जागी चालवता येईल असा ट्रेनर स्टँड किंवा निदान जॅकेट. कुणाचा तरी भाऊ, मैत्रीण, शेजारी; सायकल येत नसली तरी चालेल, भिडस्त नसावा.

पोरग्याच्या दोन्ही ट्यूबमध्ये सीलंट घालायला अर्धा तास लागला असता. टाळलेला निर्णय हाही निर्णयच होता, फक्त त्याची जबाबदारी कुणी घेतली नव्हती. शिवाय सीओटूचं डोकं फक्त बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं होतं आणि पोरग्याच्या ट्यूब गाडीला असतो तशा जाड व्हॉल्व्हच्या. सहा नळकांडी असून ती त्याच्यासाठी नव्हतीच. ट्रॅकच्या मध्यावर पंप हापसताना हे कळलं. चारही सायकली शेजारी उभ्या करून प्रत्येक अवजार प्रत्येक सायकलवर एकदा लावून बघायला वीस मिनिटं पुरतात.

एका गोष्टीवर चौकडीत अजून एकमत नाही. कॅप्टनच्या मते पहिल्या लॅपला त्याच्याऐवजी पोरगा हवा होता. कॅप्टन दुसरा गेला असता तर पेटक्यांचा लॅप एक जागा पुढे सरकला असता. ताईचं म्हणणं, पोरगा सुरुवातीच्या झुंडीत पहिल्याच चढावर स्वतःला जाळून घेतो. दोघांच्याही बाजूने एकेकच रेसचा पुरावा आहे. पुढची नोंदणी फेब्रुवारीत आहे, आणि पोरग्याने मागचं चाक टेप मारून ट्यूबलेस केलंय. पुढचं अजून "बघू" आहे.